आरोप चव्हाट्यावर नको. पण दाद कुठे मागायची?

युसूफ वडगावच्या वस्तीतली पोरं संध्याकाळी कट्ट्यावर बसून मोबाईलवर गेम खेळतात. परवा त्यातलाच एक तणतणत माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, एकाने हॅक वापरून आम्हाला हरवले. मी त्याचे नाव खेळाडूंच्या ग्रुपवर टाकले, तर माझाच मजकूर काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

पोराचा राग खरा आहे; पण नियम उगाच केलेला नाही. अनेक मोठ्या गेमच्या समूहांत सहखेळाडूचे नाव घेऊन जाहीर आरोप करायला मनाई असते. तक्रार 'रिपोर्ट' बटण दाबून करायची असते. कारण हरलेला माणूस रागात असतो आणि त्याच्या हाती फार तर एक स्क्रीनशॉट असतो. तो अर्धवट असू शकतो, बनावटही असू शकतो. खेळाची पूर्ण नोंद असते ती कंपनीकडे. आरोप खोटा ठरेपर्यंत शंभर जण त्या खेळाडूवर तुटून पडलेले असतात. समोरच्याचे ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे.

हे तत्त्व मोडल्यावर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ही अफवा मोबाईलवरून फिरत होती. आरोप, निकाल आणि शिक्षा जमावाच्या हाती गेली, की बळी दुबळ्याचाच जातो. जातपंचायतींनी हेच केले, म्हणून तर राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. चव्हाट्यावरच्या न्यायाचे कौतुक आपण तरी करू नये.

पण पोराची गोष्ट इथे संपली नव्हती. आडनाव कळताच त्याच खेळाडूने सर्वांना ऐकू जाईल अशी जातीवरून शिवी दिली होती. 'रिपोर्ट' केले, पुढे काय झाले, कुणी कळवले नाही. अशा वेळी 'जाहीर बोलू नका' हा नियम कुणाचे रक्षण करतो? 'गावाची बदनामी नको, आपसात मिटवा' हे आपण गावोगावी ऐकले आहे. दाद मागण्याचे दार उघडे नसेल, तर असा नियम म्हणजे शिस्त नव्हे, नुसती मुस्कटदाबी!

कायदा मात्र हतबल नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतर कुणी लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ केली, तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(एस) खाली गुन्हा होतो. इंटरनेटवरून केलेला अपमानही लोकांसमोरचा ठरू शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. उलट सिद्ध न करता येणारा आरोप ग्रुपवर टाकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला आपल्यावरच येऊ शकतो.

म्हणून रेकॉर्डिंग जपा. तारीख, वेळ, खेळाडूचा आयडी लिहून ठेवा. सोबत खेळणाऱ्यांना साक्षीदार करा. आणि गेमच्या कंपन्यांनी प्रत्येक तक्रारीचा निकाल तक्रारदाराला मराठीत कळवावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पोराला मी एवढेच सांगितले : नाव ग्रुपवर टाकू नकोस, तक्रार अर्जात टाक. आम्ही दोघांनी तो अर्ज त्याच रात्री लिहायला घेतला.