मुलांपासून मृत्यू लपवू नये

परदेशातल्या मराठी घरात मृत्यूची बातमी अनेकदा भारतातून, फोनवरून येते. आजी गेलेली असते. आई किंवा बाबा मिळेल त्या विमानाने निघतात आणि मुलाला ‘आजीला बरं नाही’ एवढेच सांगितले जाते. हेतू मायेचा असतो. पण रडवेले चेहरे आणि दबक्या आवाजातले फोन मुलाच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि कोणी काही सांगत नाही म्हणून ते मनाशी काहीबाही जुळवत बसते. म्हणून मुलाला खरे सांगावे, वेळेवर सांगावे आणि घरच्या शोकात सामील करून घ्यावे.

कसे सांगावे हे वयावर ठरते. मारिया नॅगी यांनी हंगेरीतल्या मुलांवरील अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजतात, असे त्यात दिसले. पुढच्या संशोधनानुसार, गेलेले माणूस परत येत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगते. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला ‘आजी झोपली’ सांगितले, तर ते झोपायलाच घाबरू शकते. ‘आजीचं हृदय बंद पडलं, ती आता परत येणार नाही’ हे साधे वाक्य बरे. देवाघरची गोष्ट त्यानंतर सांगता येते. ‘मी व्हिडिओ कॉलवर बोललो नाही म्हणून आजी गेली का?’ असेही मूल विचारते. त्याला ‘नाही, तुझ्यामुळे काहीही झालं नाही’ असे स्पष्ट उत्तर हवे, आणि तेही विचारेल तितक्या वेळा.

मूल पाच मिनिटे रडते आणि खेळायला पळते. ते विसरले असे नव्हे. दुःख त्याला थोडे थोडे करूनच पेलते. किशोरवयीन मुले खोलीत बसतात, चिडतात, मित्रांशीच बोलतात. ‘आता तूच मोठा, आईसमोर रडू नकोस’ हे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

लहानांनी अंत्यविधी पाहू नयेत, असा आक्षेप घेतला जातो. पाहण्याची सक्ती नसावी हे खरे, पण निवड मुलाची असावी आणि आधी तयारी करून घ्यावी: व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर आजीचा देह दिसेल, लोक रडतील, नको वाटले तर उठून जाता येईल. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांचा विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी बॉस्टन परिसरात अभ्यास केला. अंत्यविधीसाठी मनाची तयारी करून घेतलेली मुले पुढे अधिक सावरलेली दिसली. मागे राहिलेल्या पालकाची स्थितीही निर्णायक ठरली. परदेशातल्या घरी तेराव्याला फोटोला हार घालणे, आजीच्या पद्धतीची आमटी करणे ही कामे मुलांकडे द्यावीत.

शाळेतल्या वर्गशिक्षकांना कळवावे. सहा महिन्यांनंतरही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ, शाळा टाळणे, झोप उडणे चालूच असेल तर तज्ज्ञाकडे जावे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत दीर्घकालीन शोकविकारासाठी मोठ्यांना बारा महिन्यांची, तर मुलांना सहा महिन्यांची मुदत आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर एक दिवसही थांबू नये. अमेरिकेत ९८८ हा मदतीचा फोन क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

पोर्टलंडच्या डगी सेंटरमध्ये १९८२ पासून शोकग्रस्त मुले समवयस्कांसोबत बोलतात, खेळतात. मराठी मंडळांनाही असे करता येईल. शोकसभेत मुलांना बोलू द्यावे, आणि ज्या मुलांनी आजी-आजोबा गमावले आहेत त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी.