विश्लेषण : फॉर्म्युला वनचे दार उघडले नाही, म्हणजे शर्यत संपली का?

फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये कार्टिंग करणाऱ्या भारतीय मुलांचा देशभर शोध घेतला. निवडलेल्या तिघांत मुंबईचा जेहान दारूवाला आणि बेंगळूरुचा अर्जुन मैनी होते. दोघांचेही लक्ष्य फॉर्म्युला वन होते. तिथे शर्यतीत उतरण्याची संधी दोघांनाही मिळाली नाही. त्यानंतर दोघांनी निवडलेले रस्ते वेगळे आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत.

जेहान कुठपर्यंत पोहोचला?

२०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्री स्पर्धेत तो तिसरा आला. रेड बुलने त्याला आपल्या युवा गटात घेतले. फॉर्म्युला टू ही फॉर्म्युला वनच्या आधीची शेवटची पायरी. तिथे त्याने डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला पहिली शर्यत जिंकली. २०२२ मध्ये मॉन्झाची मुख्य शर्यतही जिंकली. त्याच वर्षी मॅक्लारेनने त्याला फॉर्म्युला वन गाडीची चाचणी दिली.

मग अडले कुठे?

फॉर्म्युला वनसाठी सुपर लायसन्स लागते. त्यासाठी साधारण तीन हंगामांत ४० गुण हवेत. फॉर्म्युला टूमधील पहिल्या तिघांना प्रत्येकी ४० गुण मिळतात, सातव्याला फक्त ८. जेहान २०२१ आणि २०२२ असे दोन्ही हंगाम सातवा राहिला. त्यात जागाही अवघ्या २०. कॅडिलॅक आल्यामुळे २०२६ पासून त्या २२ झाल्या. शिवाय खालच्या प्रत्येक पायरीवर हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो आणि तो बहुतेकदा चालकानेच प्रायोजकांकडून उभा करायचा असतो. आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच : नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक.

दोघांनी पुढे काय केले?

जेहान २०२४ मध्ये विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराती संघाकडून उतरला. पुढच्या हंगामात ती जागा टिकली नाही. मैनीही फॉर्म्युला टूमध्ये उतरला होता. नंतर तो लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला आणि २०२१ मध्ये मर्सिडीज घेऊन ‘डीटीएम’ या जर्मन टूरिंग कार मालिकेत उतरणारा पहिला भारतीय ठरला. पुढची अनेक वर्षे तो तिथे टिकला.

टूरिंग कारचे वेगळेपण काय?

फॉर्म्युला गाडी एकाच चालकाची, उघड्या चाकांची. टूरिंग कार मात्र शोरूममधल्या गाडीवरून बेतलेली असते. (डीटीएममध्ये आता जीटी प्रकारच्या स्पोर्ट्‌स कार धावतात.) १९५८ पासून चालणाऱ्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत एकाच दिवशी तीन शर्यती होतात. गाड्या एकमेकींना घासत जातात, त्यामुळे नुसत्या वेगापेक्षा अनुभव कामी येतो. म्हणून कारकीर्दही लांबते. जेसन प्लाटो तिथे वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, १९९७ मध्ये आला. त्याने २००१ आणि २०१० अशी दोन विजेतेपदे आणि विक्रमी ९७ शर्यती जिंकल्या, आणि २०२२ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. फॉर्म्युला वनच्या शिडीवर पंचविशीतला चालकही उशिराचा धरला जातो.

आपल्याकडे वाट आहे का?

आहे, पण अरुंद. राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत टूरिंग कारचा गट आहे. मात्र शर्यती प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरला होतात. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. मराठवाड्यासाठी आणखी एक ठिकाण म्हणजे हैदराबाद. परभणी जिल्ह्यातल्या चुडावा स्थानकावरून जाणारा लोहमार्ग सिकंदराबादला पोहोचतो. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ईची शर्यत झाली. २०२४ ची शर्यत मात्र तेलंगणात सरकार बदलल्यावर रद्द झाली. जेहानला मायदेशात धावायला मिळाले असते, ती हीच शर्यत.

अर्थ काय?

गुणवत्ता नव्हती म्हणून हे दोघे थांबले, असे म्हणता येत नाही. फॉर्म्युला वन हीच एकमेव मोजपट्टी धरली तर बहुतेक प्रत्येक भारतीय चालक अपयशी ठरेल. पालक आणि प्रायोजकांनी मुलाला कार्टमध्ये बसवतानाच दुसरा रस्ता, म्हणजे टूरिंग आणि जीटी, हिशेबात धरला तर पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जाणार नाहीत.