रोख परवानाधारकावर, कट्टा मात्र मोकळा

लग्नाच्या वरातीत कोणीतरी हवेत गोळी झाडतो, ती गच्चीवरून वरात पाहणाऱ्या एखाद्या मुलाला लागते, चित्रफीत देशभर फिरते आणि दोन दिवसांत शस्त्रकायदा आणखी कडक करण्याची मागणी पुढे येते. उत्तर प्रदेशात जिल्हा दंडाधिकारी म्हणून काम करताना असे मृत्यू मी जवळून पाहिले आहेत. तरीही त्या मागणीला माझा विरोध आहे. तो नोंदवण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकणे उचित होईल : माझ्याकडे परवाना असलेली दोन शस्त्रे आहेत. डिसेंबर २०२० पर्यंत ती तीन होती.

तिसरे शस्त्र म्हणजे आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक. तीस वर्षांत तिच्यातून एकही काडतूस उडाले नव्हते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन शस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच शस्त्र ठेवण्याची मुभा होती, विरोधानंतर ती दोन झाली. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही सूट नव्हती. वर्षभराच्या मुदतीत मी ती बंदूक अधिकृत विक्रेत्याकडे नेऊन दिली. त्याच्या दुकानात भिंतीला टेकून तशाच आणखी पंधरा-वीस दुनळ्या उभ्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. त्या दुनळ्यांपैकी एखादी तरी कोणत्या दरोड्यात वापरली गेली असेल, असे मला वाटले नाही.

त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत चिंता व्यक्त झाली होती ती अवैध शस्त्रे आणि गुन्हे यांच्यातील वाढत्या संबंधाची. रोगाचे निदान योग्यच होते. अवैध निर्मितीची शिक्षा वाढवून किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी केली गेली, तेही योग्यच. पण त्याच औषधाच्या पुडीत परवानाधारकाचे तिसरे शस्त्र काढून घेण्याची मात्रा कशासाठी होती, याचे समाधानकारक उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल परवाना असलेल्या आणि नसलेल्या शस्त्रांनी झालेल्या हत्या वेगवेगळ्या दाखवत आले आहेत. त्यांत विनापरवाना शस्त्रांचे पारडे सातत्याने फार जड आहे. परवानाधारकाचे छायाचित्र, पत्ता, शस्त्राचा क्रमांक हे सारे शासनाच्या राष्ट्रीय माहितीकोशात नोंदलेले असते. कट्टा वापरणाऱ्याची अशी कोणतीही नोंद नसते. म्हणून कायदा कडक करायचा ठरला की हात पोहोचतो तो ज्याचा पत्ता ठाऊक आहे त्याच्यापर्यंत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाचे मूळ १८७८ मध्ये दिसते. लॉर्ड लिटनच्या राजवटीत त्या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि शस्त्रकायदाही आला. युरोपीयांना सूट, भारतीयांना परवाना, अशी त्याची उघड विभागणी होती. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांची जी यादी केली, तिच्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामथांनी तो मूलभूत हक्कांत आणण्याचा प्रयत्न केला. डॉ. आंबेडकरांनी तो स्वीकारला नाही. शस्त्र धारण करणे हा व्यक्तीचा हक्क मानण्यापेक्षा गरज पडेल तेव्हाचे कर्तव्य मानावे, असा त्यांचा विचार होता. भारतात असा मूलभूत हक्क नाही आणि असावा असे माझेही म्हणणे नाही. अमेरिकेचा दाखला देऊन आपल्याकडे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंविषयी मला सारखाच कंटाळा आहे.

माझे म्हणणे १९५९ च्या कायद्यापुरते आहे. स्वतंत्र देशाच्या संसदेने लिटनचा कायदा रद्द करून तो आणला. त्याच्या तेराव्या कलमात एक शब्द आहे, ज्याकडे आम्हा अधिकाऱ्यांनी दशकानुदशके डोळेझाक केली. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, किंवा पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना ‘दिला जाईल’ असे ते कलम म्हणते. अर्जदार अपात्र असल्यास चौदाव्या कलमान्वये नकार देता येतो, पण त्याची कारणे नोंदवावी लागतात. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण अर्जदाराने पटवून द्यायचे. संसदेने हा भेद विचारपूर्वक केला होता. प्रत्यक्षात दोन्ही अर्ज एकाच गठ्ठ्यात पडतात.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. तराईच्या एका जिल्ह्यात माझी नियुक्ती असताना एका शेतकऱ्याचा ठासणीच्या बंदुकीसाठी अर्ज आला होता. नीलगायी आणि रानडुकरे त्याचे पीक उद्ध्वस्त करत होती. पोलिसांचा अहवाल अनुकूल होता, त्याच्यावर कोणताही गुन्हा नव्हता. आमच्या शस्त्र शाखेतल्या ‘असलहा बाबू’ने फाइल समोर ठेवताना नुसते एवढेच म्हटले, “साहेब, उद्या काही झाले तर सही आपली असेल.” मी फाइलवर ‘चर्चा करा’ असा शेरा मारला. प्रशासनात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे सेवेतल्या लोकांना सांगायला नको. माझी बदली होईपर्यंत ती चर्चा झाली नाही. त्याच महिन्यांत एका आमदाराच्या पुतण्याला रिव्हॉल्व्हरचा परवाना माझ्याच सहीने मिळाला. त्याची फाइल कोणी अडवली नव्हती, मीही नाही.

नियम कडक करण्याचा प्रत्यक्ष परिणाम असा असतो. अधिकाऱ्याचा स्वेच्छाधिकार जितका रुंद, तितका वजनदार अर्जदाराचा मार्ग सुकर आणि सामान्याचा बिकट. २०१६ च्या नियमांनी पोलीस अहवालाला आणि निर्णयाला मुदत घातली, हे स्वागतार्ह होते. त्या मुदतीचे पालन किती जिल्ह्यांत होते, हे कोणत्याही जिल्हा कचेरीच्या व्हरांड्यात एक सकाळ घालवून पाहावे.

दरम्यान कट्ट्याचा बाजार आपल्या गतीने चालू असतो. बिहारमधील मुंगेरला मीर कासिमने १७६० च्या दशकात राजधानी नेली आणि तेथे शस्त्रनिर्मितीचा कारखाना उभारला. ते कसब गावात रुजले. आज परवाना असलेले कारखाने आणि अवैध पिस्तुलांचे कारागीर यांच्यासाठी मुंगेरचे नाव एकाच श्वासात घेतले जाते. मोटारीच्या स्टिअरिंगचा दांडा आणि एक लेथ यांतून कट्टा जन्म घेतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाच्या चिंतेचा विषय हाच कट्टा होता.

परवाना असलेली शस्त्रे निर्दोष आहेत असा दावा मी करणार नाही. वरातीत गोळी झाडणारा पुष्कळदा परवानाधारकच असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेपर्वा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, ते मला मान्य आहे. मी तर त्याचा परवाना कायमचा रद्द करण्याच्याही बाजूचा आहे. खिन्न मनाच्या माणसाच्या कपाटात भरलेले रिव्हॉल्व्हर असणे ही भयंकर गोष्ट आहे. दर नूतनीकरणाच्या वेळी मानसिक आरोग्याची तपासणी आणि घरातील कुलूपबंद साठवणीची पाहणी व्हावी. या अटी मी स्वतः आनंदाने पाळीन. त्या वर्तनाला जाब विचारतात. संख्येवरची मर्यादा मात्र वर्तनाकडे पाहतच नाही.

शिवाय संकट आले की शासन स्वतःच नागरिकाच्या हाती शस्त्र देते. जम्मूच्या डोंगराळ भागात १९९५ पासून ग्रामसंरक्षण समित्यांना .३०३ रायफली दिल्या गेल्या. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीतील डांगरी गावावर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. तो हल्ला आणि दुसऱ्या दिवशीचा स्फोट यांत मिळून सात जणांचे प्राण गेले. हल्लेखोर मागे फिरले ते एका गावकऱ्याने आपल्या जुन्या रायफलीतून गोळ्या झाडल्यावर. त्यानंतर या समित्यांना पुन्हा शस्त्रे आणि प्रशिक्षण देण्याची घाई झाली. २०२५ मध्ये आसाम सरकारने संवेदनशील भागांतील मूळ रहिवाशांना परवाने देण्याचा निर्णय घेतला. कोडगूच्या कोडवांना तर ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. आसामच्या निर्णयाविषयी मला शंका आहेत, कारण तेथे परवाना व्यक्तीची पात्रता पाहून देण्याऐवजी समूहाची ओळख पाहून दिला जाण्याचा धोका दिसतो.

निवडणुकांचेही असेच. शस्त्रे सरसकट जमा करून न घेता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, अशी आयोगाची सूचना आहे. प्रत्यक्षात ठाण्यातून सर्वांना एकच छापील नोटीस येते. गेल्या वेळी माझ्या नोटिशीवर नाव माझे होते आणि शस्त्राचा क्रमांक दुसऱ्याच कोणाचा. मी तसे निदर्शनास आणून दिले तेव्हा हवालदार अदबीने म्हणाला, “असू द्या साहेब, जमा तर करायचेच आहे.” मी रिव्हॉल्व्हर जमा केले, पावती घेतली. पावतीवरही तोच चुकीचा क्रमांक होता.