बांधावरील बेशरम

गुरें खात नाहींत असें कुंपण हवें, म्हणून आपणच बांधावर बेशरम लावलें. दक्षिण अमेरिकेंतील हा पाहुणा आज गोंदिया जिल्ह्यांतील बोड्यांत व मामा तलावांत यजमान होऊन बसला आहे. अशी चूक इतरांनींही केली आहे. युरोपांत कातड्यासाठीं पाळलेलें अमेरिकन मिंक पिंजऱ्यांतून निसटलें आणि नदीकांठच्या लहान प्राण्यांचा काळ ठरलें.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत गेली. दप्तरांत तलावाचें क्षेत्र वर्षानुवर्षें तेंच राहतें. प्रत्यक्षांत मात्र बेशरमाच्या बेटांत गाळ अडतो, पाणी उथळ होतें व धानाच्या शेवटच्या पाळीस कमी पडतें. महाराष्ट्रांत मुख्यत्वें गोंदिया-भंडाऱ्यांत उरलेला सारस उथळ पाण्यांतील देवधान-लव्हाळ्यांत घरटें करतो. या दाट झुडपांत त्यास उतरावयासही जागा नाहीं.

कोणी म्हणतील, आम्ही दरवर्षीं कापतोंच! परंतु कापलेला तुकडा ओल्या मातींत पुन्हा रुजतो. वैशाखांत तलाव आटतांच झाड मुळासकट उपटावें, पाण्यापासून दूर उन्हांत पुरतें वाळवावें, व पुढील वर्षीं नवे कोंब काढावे. देवधानास हात लावूं नये.

कांहीं गांवांत ढिवर बंधुभगिनींनीं हें काम करून दाखविलें आहे. ज्यांच्या बांधींत त्याच तलावाचें पाणी जातें, त्या आपण पाळीवर उभें राहून पाहणें शोभतें काय? प्रथम स्वतःच्या बांधावरील बेशरम उपटूं या. कुंपणास निर्गुडी पुरे.