पाटी जुनी, गाडी कोणती?

ब्रिटनमध्ये जुन्या व पुनर्बांधणी केलेल्या वाहनांच्या नोंदणीचे नियम २६ ऑगस्ट २०२५ पासून सैल झाले. मूळच्यासारखेच भाग घालून केलेली दुरुस्ती आता परवाना खात्याला कळवावी लागत नाही. सांगाड्यात मोठे फेरफार झाले तरी, ते कळवल्यास, गाडीचा मूळ क्रमांक कायम राहू शकतो. घरच्या गॅरेजमध्ये जुनी 'किट कार' वर्षानुवर्षे दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींना हा दिलासाच म्हणावा लागेल.

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरी जोडलेली मोटार. तिला बळ दिले ते करपद्धतीने. तयार मोटारीवर तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचाला त्यातून सवलत होती. १९५७ मध्ये आलेली 'लोटस सेव्हन' याच वाटेने लोकप्रिय झाली. एप्रिल १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली; हौस मात्र टिकली.

आज त्या काळातील गाड्या दुरुस्तीला काढल्या की खरी परीक्षा सुरू होते. वरचे फायबरग्लासचे कवच गंजत नाही, पण आतल्या पोलादी नळ्या गंजतात. अनेक छोटे उत्पादक केव्हाच बंद पडले. ज्या 'फोर्ड एस्कॉर्ट'चे इंजिन आणि आस एकेकाळी भंगाराच्या भावात मिळत, तिच्या जुन्या गाड्यांनाच आता संग्राहक मोठी किंमत मोजतात. साहजिकच एकेक भाग बदलत जातो आणि प्रश्न उरतो : ही तीच गाडी का?

यावर ब्रिटिश खात्याचे उत्तर गुणांचे होते. सांगाड्याला ५, इंजिनाला १, तर सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व स्टीअरिंग यांना प्रत्येकी २ गुण. किमान ८ गुण भरले नाहीत, तर जुना क्रमांक जाऊन 'क्यू' अक्षराची पाटी लागे. गाडीचे वय वा ओळख संशयास्पद आहे, असाच त्या पाटीचा अर्थ. कित्येक वर्षांच्या मेहनतीवर असा शिक्का बसणे मालकांना जिव्हारी लागे, यात नवल नाही.

तथापि सरकारची भीतीही निराधार नव्हती. तेथे ४० वर्षांहून जुन्या वाहनांना रस्ताकरात आणि बहुधा वार्षिक तपासणीतही सूट मिळते. भंगारातील गाडीची कागदपत्रे नव्या सांगाड्याला चिकटवण्याचा मोह त्यातूनच होतो. नव्याने जोडलेल्या किट कारला सुरक्षा चाचणी आजही आवश्यक आहे, हे त्यामुळे योग्यच.

भारताने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी 'व्हीए' मालिकेची स्वतंत्र नोंदणी आणली. पण सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट घातली. जतन आणि निर्मिती यांतील सीमारेषा येथे कठोर आहे. ब्रिटनने ती पुसट केली. बदल लपवण्यापेक्षा तो कागदावर आणणे मालकाच्या सोयीचे ठरले, तरच ही सवलत सार्थ ठरेल.