डोंगराला निघालात? आधी पायांकडे बघा!

मैत्रिणींनो, पावसाळा निम्मा सरला की अमरावती-अकोल्याकडच्या घराघरांत एकच बेत शिजू लागतो, तो म्हणजे चिखलदरा! सुमारे ११०० मीटर उंचीवरचं आपल्या विदर्भाचं हे थंड हवेचं ठिकाण. परतवाडा मागे पडून घाट लागला, की जीव कसा हलका होतो! या सहलीची आपली तयारी काय विचारता? दशम्या किती, चटणी कोणती, स्वेटर कुणाकुणाचे, सगळं तोंडपाठ. आणि पायांत? रोजच्याच चपला!

देवी पॉइंटवर गाडीतून उतरून दरी पाहायची असेल, तर चपलाही चालतील. पण गाविलगडाच्या आत पायी हिंडायचं, नरनाळा चढायचा, तर चपलेच्या भरवशावर जाऊ नये. उसनवारीच्या बुटांवर तर मुळीच नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, पायानं शिकले आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मुलींबरोबर नरनाळ्याला जायचं ठरलं. घरात बुटांचे तीन जोड होते. दोन यांचे, एक मुलाचा. माझा एकही नव्हता. ‘मला कुठं लागतात?’ असं मीच म्हणत असे. मग यांचे माळ्यावर ठेवलेले जुने बूट काढले. दिसायला अगदी नवे, कारण पाच-सहा वर्षांत कुणी घातलेच नव्हते. सैल होत होते म्हणून दोन-दोन मोजे चढवले आणि निघाले.

अकोटवरून शहानूर गाठलं, तिथून वर चढलो. महाकाली दरवाजावरची नक्षी मुलींना दाखवली, शक्कर तलाव पाहिला. सगळं छान झालं. उतरताना मात्र डाव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि फटफट वाजू लागला. एका मुलीनं वेणीची रिबन सोडून दिली. तिनं तो बांधला, थोडं चालले, अन् रिबन तुटून पाय मुरगळला. ऊन कलायला आलेलं, मेळघाटचं वाघाचं रान, आणि सगळ्या मुली माझ्यासाठी खोळंबलेल्या! दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून कशीबशी खाली आले. पुढचे तीन आठवडे पायाला पट्टी बांधून, खुर्चीत बसून शिकवलं.

न वापरलेला बूट मोडलाच कसा, हे कोडं मला एका जुन्या चांभारदादांनी उलगडून दाखवलं. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा त्यात मुरतो आणि बूट नुसता ठेवला तरी काही वर्षांत त्या थराचा भुगा होतो. म्हणून जुना जोड बाहेर काढलात तर आधी तळ अंगठ्यानं दाबून पाहा, बूट वाकवून पाहा. भेग पडली, कण सुटले, तर तो डोंगरावर नेऊ नका. नवा घेतानाही खोक्यावर छापलेला महिना आणि वर्ष वाचा. आपण मसाल्याच्या पुड्यावर वाचतोच ना, तसंच!

आता खरेदीचं. दुकानात संध्याकाळी जा. दिवसभराच्या कामानं पाय थोडे सुजलेले असतात, आणि डोंगरावरही ते तसेच सुजतात. सकाळी बेताचा बसलेला बूट दुपारी चावायला लागतो. जे जाड मोजे घालून चालणार, तेच बरोबर न्या. घरून निघण्यापूर्वी कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून घ्या. बुटातला आतला पातळ तळवा निघत असेल, तर तो या कागदावर ठेवून पाहा. पावलाची रेघ त्याच्या बाहेर जात असेल, तर बूट अरुंद आहे. ‘वापरून वापरून सैल होईल हो ताई,’ असं दुकानदार म्हणेल. रुंदीला थोडा होईलही, पण लांबीला होत नाही. आणि नंबरावर विसंबू नका, तो कंपनीगणिक बदलतो.

बूट घालून नाडी बांधा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चालताना टाच वर उचलली जाता कामा नये, नाहीतर तिथं हमखास फोड येतो. दुकानात पायऱ्या असतील तर खाली उतरून पाहा. उतरताना बोटं पुढं आदळली, तर डोंगरावर नखं काळी पडणार हे समजा. आपण बायका अनेकदा पुरुषांच्या मापाचे बूट घेतो, कारण दुकानात तेच असतात. त्यांत पुढे बसतं, पण टाच सैल राहते. तेव्हा घाई करू नका, चार जोड काढायला लावा. साडीसाठी तीस घड्या मोडायला लावतोच की आपण!

तळ वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. फडक्यासारखा पिळता आला, तर दगडधोंड्यांत उपयोगाचा नाही. खालचे खाचे खोल आणि एकमेकांपासून दूर असावेत. आपली काळी माती जवळजवळच्या खाच्यांत अशी भरते की बुटाचा नुसता गोळा होतो. पण शेवाळलेल्या ओल्या दगडावर कितीही चांगला तळ घसरतोच. तिथं पाऊल बेतानंच टाकायचं.

घोटा झाकणारा घ्यावा की आखूड? पाऊलवाट सरळ असेल, ओझं नसेल, तर आखूड पुरतो. पण पावसाळ्यानंतर आपल्याकडे गवत कमरेएवढं होतं आणि कुसळं मोज्यांत शिरून छळतात. शिवाय विंचूकाट्याचं भय. म्हणून मला तरी घोट्यापर्यंतचा बरा वाटतो. पाणी आत न शिरू देणारे महागडे बूट मिळतात, पण आपल्या उकाड्यात त्यांत पाय घामेजतात. आणि वरून एकदा पाणी शिरलं, तर ते वाळायलाही फार वेळ लागतो.

आणलेला बूट तसाच डोंगरावर नेऊ नका. दोन आठवडे घरात, भाजीला जाताना घाला. नखं कापा. नुसत्या सुती मोज्यांत घाम साचतो, लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे बरे. चालताना कुठं चुरचुरलं, तर तिथंच थांबून चिकटपट्टी लावा. ‘वर गेल्यावर बघू’ म्हणाल, तर फोड घेऊनच उतराल! भिजलेला बूट चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळवू नका, चिकटवण सुटतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला, अन् सावलीत ठेवा.

मी बूट आणले त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “काऊन व सूनबाई, पहाड चढायले बूट कायले पाह्यजे? आमी त सालबर्डीचा महादेव बिनपायताणीनं केला!” त्यांचं खोटं नव्हतं. लहानपणापासून अनवाणी चालून त्यांचे तळवे दगडासारखे झालेले. आपले फरशीवर वाढलेले पाय तसे नाहीत. पण त्यांच्या टाचांच्या भेगाही मी रोज बघत होते. ‘पायातली वहाण पायातच बरी’ असं बाईला उद्देशून म्हणणाऱ्या जगात त्या वाढल्या, अन् त्यांच्या स्वतःच्या पायांत मात्र वर्षानुवर्षं वहाणच नव्हती.

मी कागद अंथरला आणि म्हटलं, “आई, उभ्या राहा बरं यावर.” लाजतच उभ्या राहिल्या. पेन्सिल फिरवली, तर उजवं पाऊल डाव्यापेक्षा चांगलं बोटभर मोठं! असं पुष्कळांचं असतं. अशा वेळी मोठ्या पावलाच्या मापानं घ्यावं आणि लहान पावलाला जास्तीचा तळवा घालावा. सासूबाई कागदाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “सत्तर वर्साची झाली मी, पन मा पाय आजवर कोनं मोजला नोयता.”

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांची मापं आपल्याला पाठ असतात. आज एक कागद घ्या आणि आपलंही माप काढून ठेवा. बूट मग सवडीनं घ्या.