हरणाऱ्याला पायघड्या, मोजणाऱ्याला दरवाजा

कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांसंबंधीचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, पण तो अंमलात कधीच आला नाही. पर्यटनवाढीचा दाखला देत अधूनमधून कोणीतरी त्याची आठवण काढी. अखेर २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. साहजिकच पर्यटन राजधानी म्हणवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरातही ब्लॅकजॅकचे अधिकृत टेबल नाही. ज्याला ही हौस आहे तो गोवा गाठतो आणि मांडवीत नांगरलेल्या बोटींवर चढतो.

या प्रवाशांत अलीकडे एका समजुतीने घर केले आहे. इतर खेळ नशिबाचे असतील, पण ब्लॅकजॅक डोक्याने जिंकता येतो, अशी ती समजूत. अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांवर बेतलेल्या इंग्रजी चित्रपटाने आणि २०१० च्या 'तीन पत्ती' या हिंदी चित्रपटातील गणिताच्या प्राध्यापकाने तिला खतपाणी घातले. गणित पक्के असलेल्या तरुणाला ती फार लवकर पटते. तिच्यातला धोका हा, की ती निव्वळ खोटी नाही.

एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून ती सिद्ध केली. वाटून झालेले पत्ते कॅटमध्ये परत येत नाहीत, म्हणून उरलेल्या पत्त्यांचे स्वरूप बदलत जाते. एक्के आणि चित्रे अधिक उरली तर खेळणाऱ्याचा फायदा, लहान पत्ते अधिक उरले तर कॅसिनोचा. पुढे रूढ झालेल्या सोप्या पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता दिसला की एक मिळवायचा, दश्शी, चित्र किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा, आणि सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. बेरीज चढली की मोठी रक्कम लावायची, उतरली की किमान. यात ना चिन्हांकित पत्ते आहेत ना कुणाशी संगनमत. सारा हिशेब मनातल्या मनात. त्यातून मिळणारी आघाडी मात्र शेकडा एक, फार तर दीड रुपयाची, आणि तीही हजारो डावांच्या सरासरीत. एका रात्रीत काहीही घडू शकते.

खरी अडचण पत्ते मोजण्याची नाही, लपण्याची आहे. बेरजेबरोबर लावलेली रक्कम वरखाली होते आणि तोच माग छतावरच्या कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस काढतो. पाळतीवरचा कर्मचारी स्वतःही पत्ते मोजत असतो. त्याचा हिशेब आणि खेळणाऱ्याची रक्कम एकत्र चढू लागली की संशय पक्का होतो. मग सोंगे सुरू होतात. प्यायल्याचे नाटक करायचे, मुद्दाम चुकीचा पत्ता मागायचा, रक्कम हळूहळू वाढवायची. थॉर्प स्वतः दाढी लावून खेळला. १९७० च्या दशकात टोळीने खेळण्याची युक्ती निघाली. काही जण किमान रक्कम लावून नुसते मोजत बसत. बेरीज चढली की खूण करत आणि श्रीमंत पाहुण्याच्या थाटात दुसराच कोणी येऊन मोठे डाव लावी. त्याची रक्कम कधी कमी होतच नसे, मग माग कशाचा काढणार?

तथापि प्रत्येक सोंगाची किंमत असते. मुद्दाम केलेली चूक त्या एक-दीड रुपयातूनच वजा होते. पुरेसे लपले तर मिळकत उरत नाही आणि मिळकत राखली तर लपता येत नाही. वनपर्वातला नळ बाहुकाच्या वेषात ऋतुपर्णाचा सारथी होता. विदर्भाकडे जाताना बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नजरेने मोजणाऱ्या त्या राजाकडून तो अक्षविद्या शिकला आणि गेलेले राज्य पुष्कराकडून परत जिंकला. पुष्कराच्या दारात कॅमेरा नव्हता, एवढाच काय तो फरक!

कॅसिनोंनी केलेला प्रतिकार अधिक बोलका आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या चालकांनी घाबरून खेळाचे नियम कडक केले. गिऱ्हाईक रोडावले तेव्हा काही आठवड्यांतच ते मागे घ्यावे लागले. नंतर त्यांच्या लक्षात आले की थॉर्पचे पुस्तक ही त्यांच्यासाठी फुकटची जाहिरात आहे. ते वाचून आलेल्यांपैकी बहुतेकांना मोजणे जमतच नव्हते. ज्या थोड्यांना जमत होते त्यांची छायाचित्रे जमवून ती कॅसिनोंना पुरवणाऱ्या गुप्तहेर संस्था निघाल्या. नेवाडा राज्यात अशा माणसाला बाहेर काढण्याची मुभा चालकाला आहे. केन उस्टन हा नामांकित मोजणारा न्यू जर्सीत न्यायालयात गेला, आणि नियमांत तरतूद नसताना केवळ पत्ते मोजतो म्हणून त्याला मज्जाव करता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. त्यावर एकाऐवजी सहा-आठ कॅट वापरणे आणि वाटेल तेव्हा पत्ते पिसणे हे उपाय निघाले. आता तर अखंड पिसणारी यंत्रे आहेत. त्यांच्यापुढे मोजण्याला जवळजवळ अर्थच उरत नाही.

आपल्या कायद्याच्या संदर्भात हा प्रकार विचित्र ठरतो. कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे, ही रेषा आपल्या न्यायालयांनी आखली. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात ती स्पष्ट झाली, १९६७ मध्ये रमीला तिचा लाभ मिळाला. कॅसिनोत नेमके उलट चालते. तिथे कौशल्य हाच अपराध, आणि नशिबावर हवाला ठेवणारा मात्र सन्माननीय पाहुणा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ही रेषाच पुसली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न त्याने अप्रस्तुत ठरवला. तो कायदा मोबाइलच्या पडद्यापुरता आहे, मांडवीला लागू नाही.

गोव्यात मोजणाऱ्याला उठवण्याचीही फारशी गरज नाही, कारण ते काम कररचना करते. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण खरेदी रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा भार खेळणाऱ्यावर पडला, तर शंभर रुपयांच्या चिप्समागे गेलेले चाळीस रुपये शेकडा एकच्या दराने भरून काढायला चार हजार रुपयांचे डाव लावावे लागतात. जिंकलेल्या रकमेवर पुन्हा ३० टक्के आयकर, आणि त्यातून प्रवासखर्चाचीसुद्धा वजावट नाही. थॉर्पचे गणित इथे सोंग वठवण्याआधीच बुडते. ते जमेल या भरवशावर बोटीवर चढलेला तरुण सामान्य गिऱ्हाइकाहून वेगळा राहत नाही. उलट आपण मोजतो आहोत या विश्वासाने तो अधिक रक्कम लावतो आणि अधिक वेळ बसतो.

हा सारा कॅमेऱ्यांचा व्याप जिंकणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी आहे. हरणाऱ्याची रक्कम त्याच वेगाने चढत असते, तीही पडद्यावर तितकीच स्पष्ट दिसते, पण तिच्यामुळे वरच्या खोलीत कोणी खुर्चीतून उठत नाही. गोवा सरकारला हा धोका कळत नाही असे नाही. 'समुद्रातील' जहाजे म्हणून कायद्याने परवानगी दिलेल्या आणि प्रत्यक्षात पणजीच्या काठाजवळ नदीत उभ्या असलेल्या या बोटींवर गोव्याच्या रहिवाशाला १ फेब्रुवारी २०२० पासून प्रवेशबंदी आहे. छत्रपती संभाजीनगरहून गेलेल्याला ती लागू नाही.